मधला शब्द

वासा शहरात रस्त्यांच्या पाट्यांवर दोन नावं असतात,
वर फिनिश, खाली स्वीडिश.
घराचा नंबर मात्र एकच.
पोस्टमन त्या नंबरावरच भरवसा ठेवतो.
मीही ठेवला होता.

ओइवाने बर्फाची यादी लिहिली ती सी भाषेत,
मी तेव्हा शाळेत होते.
मोकळं पाणी. नवा बर्फ. चकत्यांचा बर्फ.
वाहता बर्फ. आणि शेवटी
किनाऱ्याला धरून बसलेला, घट्ट.
नंबर त्याने दिले नाहीत. द्यावे लागत नाहीत.
यंत्र शून्यापासून आपलं आपण मोजत जातं,
सहलीला निघालेल्या बाई डोकी मोजतात तसं,
आणि मोजून झालं की नावं टाकून देतं.
बांधून तयार झालेल्या फाइलमध्ये
'घट्ट' हा शब्द कुठेच नाही.
मी शोधला.
चार आहे. नुसता चार.

माझा नकाशा पायथनमध्ये.
कुंपणावरून पलीकडे हात घालायचा,
विचारायचं, रेप्लोतजवळ आज काय?
पलीकडून हातावर एक आकडा पडतो.
त्याचं बारसं करायचं काम माझं.
नावं मी घेतली ओइवाच्या जुन्या टेबलामागच्या कागदावरून.
कॉफीचा डाग होता.
तारीख नव्हती.

जानेवारीत आठवडाभर आतली खाडी नकाशावर कोरी.
तिथून पाच येत होता
आणि माझ्या यादीत पाच नव्हताच.
आम्ही केबलला दोष दिला.
क्रिस्टर उणे एकोणीसमध्ये जाऊन ती बदलून आला,
बोटांवर फुंकर घालत.
तरी पाच.

मग होल्गरचा फोन.
"तुमचा नकाशा म्हणतो घट्ट.
मी कुत्रीला पुढे सोडली.
पोटापर्यंत भिजून आली.
स्कूटर अजून किनाऱ्यावर आहे,
म्हणून बोलतोय."
एवढंच. ठेवला.

मी उठले. पुन्हा बसले.
मग पहिल्यांदा मूळ फाइल उघडली, कागद नव्हे.
नवा बर्फ आणि चकत्या यांच्या मधे
कुठल्याशा हिवाळ्यात ओइवाने एक ओळ सरकवली होती:
सोह्यो.
बर्फ भिजून झालेला लगदा,
धड पाणी नाही, धड बर्फ नाही,
माझ्या आईच्या स्वीडिशमध्ये सोर्या.
त्याने दोन नंबर घेतला
आणि मागचे सगळे एकेक पाऊल मागे सरकले,
हूं की चूं न करता.
वाहता बर्फ झाला चार.
माझ्या नकाशात चार म्हणजे
खुशाल चाला.

ओइवा बटाटे सोलत होता.
मी भांडायलाच गेले होते.
"शेवटी का नाही घातलास?
नवं नाव शेवटी घालतात, शेंबडं पोर सांगेल!"
त्याने सुरी थांबवली.
"शेवटी?" म्हणाला,
"पाण्यावर तो मधेच येतो.
मी काय करणार?"
मग मला एक बटाटा दिला आणि दुसरी सुरी.

आता प्रत्येक नावासमोर त्याचा आकडा लिहिला आहे,
हाताने, बरोबरचं चिन्ह घालून,
म्हणजे कुणी घुसलं तरी कुणी हलणार नाही.
पलीकडे एक छोटं फंक्शनही ठेवलं:
आकडा द्या, ते आपल्या तोंडाने नाव सांगतं.
मी नावं पाठ करणं सोडलं. विचारते.
आणि अनोळखी आकडा आला तर नकाशा कोरा राहत नाही,
लाल अक्षरांत लिहितो: माहीत नाही.
हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

होल्गरने अजून नकाशा उघडलेला नाही.
कुत्रीला विचारतो, असं क्रिस्टर म्हणाला.

उद्या बर्फाची आणखी एखादी जात सापडली
तर तिचा नंबर सहा,
घट्ट बर्फाच्याही पलीकडे,
जिथे खरं तर जमीन सुरू होते.
नियम तोच आहे.
ओइवाला मी अजून सांगितलेलं नाही.